छत्र्यांखालची वांगी

आमच्या शाळेच्या मागच्या कुंपणापलीकडे आषाढात चाळीसेक काळ्या छत्र्या उघड्या उभ्या असायच्या आणि त्यांच्याखाली एकही माणूस नसायचा. लोणावळ्यात नव्यानं आलेला कोणी ते पाहून थबकायचा. गावातल्या माणसाला मात्र त्यात काही वाटत नसे. तो फार तर कुंपणाशी उभा राहून विचारी, "सर, आमचं कसं काय आहे?" आणि छत्र्यांच्या गर्दीत कुठेतरी ओणवा झालेला एक उंच, किडकिडीत माणूस डोकं वर न काढता सांगे, "दोन नवी पानं आलीत. पण खालचं एक पिवळं पडलंय."

हा माणूस म्हणजे आमचे चित्रकलेचे सर; कुंपणापलीकडचं ते परस त्यांच्याच घराचं. मी त्या शाळेत भूगोल शिकवायला रुजू झाले ती साठच्या आसपासची गोष्ट. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ते शेजारच्या गणिताच्या सरांना अगदी सहज म्हणाले, "पोस्टमास्तरांची मुळं कुजली. आता काही खरं नाही." गणिताच्या सरांनी मान हलवून हळहळ व्यक्त केली. मला वाटलं, गावात कुणाला तरी भयंकर दुखणं झालंय. पुढच्या आठवड्यात "डॉक्टरीणबाईंना फूल आलं" असं ऐकलं तेव्हा मात्र मी न राहवून विचारलं.

त्याचं असं होतं. सर मूळचे माणदेशातले. त्यांच्या गावात पाऊस म्हणजे वर्षाकाठी चार-सहा सरी. नोकरीनं त्यांना आणून टाकलं लोणावळ्याला, जिथं ज्येष्ठात लागलेली झड भाद्रपदापर्यंत हटत नाही, भिंतींना शेवाळ येतं आणि बरणीतल्या मिठाचं पाणी होतं. पावसाळ्यात आमच्याकडे परसातून येतं ते काकडी, दोडका, भोपळा आणि आळू. वांगं येत नाही. पाणी साचून मुळं कुजतात, उरलंसुरलं फूल पावसाच्या माऱ्यानं गळून पडतं. सरांना हे पहिल्याच वर्षी सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्याच वर्षी वांग्याची रोपं लावली.

का, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा म्हणाले, "बाई, जे येतं ते येतंच. त्यात माणसाचं काय काम?"

पहिली दोन वर्षं रोपं वाहून गेली. तिसऱ्या वर्षी त्यांना छत्री सुचली. लोणावळ्यात घरटी एक तरी मोडकी छत्री माळ्यावर पडलेली असते. सर दर उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघर जाऊन त्या मागून आणत. काड्या तारेनं बांधत, फाटक्या कापडाला मेण चोळत. विटांचे तुकडे आणि कोळसा खाली घालून मातीचे उंच ढीग करत, प्रत्येक ढिगावर एक रोप आणि रोपाशेजारी बांबूला बांधलेली एक छत्री. त्या काळी छत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून घरातल्या बायका कापडाच्या कडेला पांढऱ्या दोऱ्यानं नाव घालत. ती नावं तशीच राहिली आणि रोपांना चिकटली. छत्री पोस्टमास्तरांची असेल तर तिच्याखालचं झाड पोस्टमास्तर. चिक्कीवाले, स्टेशनमास्तर, डॉक्टरीणबाई, आमचे मुख्याध्यापक, सगळे ओळीनं उभे होते. स्वतः सर मात्र भर पावसात पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन फिरत, कारण हाताशी आलेली प्रत्येक छत्री बागेत लागलेली असे.

त्यांचा एक नियम होता. धड छत्री ते घेत नसत. कुणी उदार होऊन नवीकोरी देऊ केली तर हात मागे घेऊन म्हणत, "ती माणसाला लागेल."

नुसत्या छत्र्या लावून भागत नसे. छत्रीखाली उजेड पोचत नाही. म्हणून जरा उघडीप झाली की सगळ्या छत्र्या मिटायच्या आणि पावसाची सर आली की पुन्हा उघडायच्या. वर्गात सरांचं अर्धं लक्ष खिडकीकडे असे. पाऊस थांबला की ते मुलांना सांगत, "समोर दिसेल ते काढा," आणि मागच्या दारानं कुंपण ओलांडून जात. खिडकीतून समोर दिसायच्या त्या छत्र्याच. त्यामुळे आमच्या शाळेतल्या मुलांना माणसाचा हात धड काढता येत नसे, पण छत्री फार सुरेख काढता येई.

पावसात मधमाशा फिरकत नाहीत. तेव्हा सर चित्रकलेचा बारीक ब्रश घेऊन एकेका फुलात फिरवत. त्या वेळी जीभ जराशी बाहेर आलेली असे, मुलांच्या चित्रात दुरुस्ती करताना येई तशीच.

वर्ग सोडून जाण्यावरून मुख्याध्यापकांनी एकदा त्यांना बोलावून घेतलं. मी हजेरीपत्रक द्यायला गेले होते, म्हणून मला ऐकायला मिळालं. मुख्याध्यापक करड्या स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ शिस्त, जबाबदारी, तपासणीला येणारे अधिकारी यांबद्दल सुनावलं. सर खाली मान घालून उभे होते. बोलणं संपलं, सर दाराकडे वळले, तेव्हा मुख्याध्यापकांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, "आणि आमचं?"

"कमरेत वाकलंय," सर म्हणाले. "आधार दिलाय. जगेल."

पुढच्या सोमवारपासून चित्रकलेचा वर्ग मागच्या खोलीत भरू लागला. तिचं दार थेट कुंपणाकडे उघडत असे.

सरांना आमच्या गुणाबाईइतकं कुणी हसलं नसेल. ही लोहगडवाडीची. दूध घेऊन पहाटे मळवलीपर्यंत चालत यायची, तिथून पॅसेंजरनं लोणावळ्याला. शाळेतल्या चहाचं दूध तिचंच. कॅन टेकवून ती कुंपणाशी उभी राहायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. "सर, हितं पावसात वांगं न्हाई यायचं. आमी भात लावतो ते काय येडं म्हनून लावतो व्हय?" सर तिला कधी उलट बोलले नाहीत. फक्त विचारत, "शेणखत आणलंस का?" आणि ती हसत हसत पाटी उतरवायची. वांगं येणार नाही असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्या त्या बाईनंच त्या बागेला खत पुरवलं.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. अण्णा रेल्वेत गार्ड होते. उभी नोकरी घाटात गेली. निवृत्त झाल्यावर वर्षभरात आई गेली आणि अण्णा बोलायचे थांबले. आजार काही नव्हता. जेवायचे, आंघोळ करायचे, खिडकीशी खुर्चीत बसायचे. विचारलं तर मानेनं हो किंवा नाही. मी शाळेतून येऊन दिवसभरातलं सगळं त्यांना सांगत असे, अगदी पोस्टमास्तरांच्या मुळांपर्यंत. ते रुळांच्या दिशेनं बघत बसलेले असत. असे आठ महिने गेले होते. भांगरवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत माझाच आवाज मला नकोसा झाला होता.

मे महिन्यात सर छत्र्या मागायला आमच्याही घरी आले. अण्णा असे आहेत हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. ते थेट अण्णांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मोडकी छत्री आहे का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा उठले आणि कोपऱ्यातून आपली छत्री घेऊन आले. मोठी, शिंगाच्या मुठीची, ड्यूटीवर नेत असत ती. कापडाच्या कडेला आईनं लाल दोऱ्यानं एक कोयरी भरलेली होती. आई अण्णांचं नाव कधी घेत नसे, दोऱ्यानंही घेतलं नव्हतं. नावाऐवजी कोयरी.

सरांनी छत्री उघडली, गोल फिरवून पाहिली, मिटली आणि परत केली. "ही चांगली आहे. चांगली मी घेत नाही." एवढं बोलून ते गेले. मला त्यांचा राग आला. आठ महिन्यांत अण्णा प्रथमच आपण होऊन काहीतरी करायला उठले होते.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर अण्णा घरात नव्हते. छत्रीही नव्हती. मी घाबरून शोधत निघाले आणि सरांच्या परसात ते दोघं मला दिसले. सर छत्री उघडून बघत होते. तिची एक काडी मधोमध दुमडलेली होती. सरांनी त्या जागी बोट फिरवलं. आतली पोलादी चकाकी दिसत होती, गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. ती काडी त्याच दिवशी मोडलेली आहे हे त्यांना कळलं असणारच. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णा दुसरीकडे बघत होते. "मोडकी आहे," सर म्हणाले. "चालेल." आणि तार आणायला आत गेले.

त्या छत्रीखालच्या रोपाचं नाव कोयरी पडलं. अण्णा रोज जाऊन ते बघू लागले. सकाळी चहा झाला की निघायचे, जेवायला यायचे, पुन्हा जायचे. बोलत मात्र नव्हते. सर वर्गावर असताना पाऊस थांबला तर आता अण्णाच छत्र्या मिटत आणि पावसाची सर आली की उघडत. सगळं रांगेनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गाडी तपासत गेल्यासारखं. सर वर्ग सोडून जायचे बंद झाले. मुलांची जराशी निराशा झाली.

आषाढातच ते वाऱ्याचे दिवस आले. दोन दिवस पाऊस होताच, तिसऱ्या दिवशी वारा असा सुटला की शाळेला सुट्टी द्यावी लागली. मुलांना घरी पोचवून मी घरी आले तर अण्णांची खुर्ची रिकामी. मी तशीच सरांच्या बागेकडे धावत सुटले. निम्म्या छत्र्या उलट्या होऊन त्यांच्या वाट्या झाल्या होत्या, काही कुंपणाला जाऊन अडकल्या होत्या. सर चिखलात गुडघ्यांवर बसून दोन हातांनी दोन छत्र्या धरून होते. आणि अण्णा, डोक्यावर काही नाही, धोतर पोटऱ्यांना चिकटलेलं, त्यांच्यासमोर उभे राहून बोलत होते.

"मास्तर, वारा खंडाळ्याकडून येतोय. तुम्ही छत्र्या सरळ उभ्या केल्यात. सरळ कशा राहतील? तिकडे तोंड करून तिरप्या बांधा. इतकी वर्षं इथं राहता, वारा कुठून येतो हे पाहिलं नाही कधी?"

आवाज घोगरा झाला होता. मध्येच फाटत होता. सर चिखलात बसल्या बसल्या त्यांच्याकडे बघत होते.

"बघताय काय," अण्णा म्हणाले. "दोरी आणा."

मी मधे पडले नाही. घरी चला म्हणाले नाही. मीही एक छत्री धरली. आम्ही तिघांनी दुपारभर छत्र्या तिरप्या बांधल्या आणि तेवढा वेळ अण्णा आम्हा दोघांना रागावत होते. गाठ सैल आहे, बांबू कमी खोल आहे, पाय कुठे देताय. मी रडत होते, पण त्या पावसात ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

कोयरी त्या वाऱ्यात बुंध्यापासून मोडली. अण्णांनी तिला काडीचा आधार देऊन चिंधी बांधली, चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी मला धास्ती होती की हे पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार. त्यांनी रोप उपटलं, मुळं निरखली आणि म्हणाले, "हे गेलं. जागा मोकळी ठेवू नका मास्तर, दुसरं लावा." मग शेजारच्या चिक्कीवाल्यांची कीड बघायला गेले.

श्रावणात वांगी आली. सगळी मिळून एका सुपात मावतील एवढी, पण आली. हिरवट जांभळी, बोटभर काटेरी देठांची. गुणाबाईनं एक हातात घेऊन उलटसुलट केलं आणि अलगद परत सुपात ठेवलं. सरांनी ज्याच्या झाडाचं त्याच्या घरी न्यायचं ठरवलं. पहिलं पोस्टमास्तरांकडे. पोस्टमास्तरांच्या बायकोनं दारातच हात जोडले. चातुर्मास लागलेला होता, त्यांच्याकडे वांगं चालत नव्हतं. डॉक्टरीणबाईंकडेही तेच. स्टेशनमास्तरांच्या आईनं तर सूप ओट्यावरही टेकू दिलं नाही. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की भर पावसाळ्यात वांगं पिकवलं तरी ते खाण्याचे दिवस नसतात.

सूप घेऊन सर आमच्याकडे आले. अण्णा म्हणाले, "मी खातो. मला कुठला आलाय चातुर्मास." मी दाण्याचं कूट, गूळ आणि गोडा मसाला घालून भरली वांगी केली. गुणाबाईला मुद्दाम थांबवून घेतलं. मुख्याध्यापक संध्याकाळी सहज म्हणून आले आणि जेवून गेले. घरी सांगू नका म्हणाले. वाढताना मी सरांच्या पानाशी आले तर त्यांनी पानावर हात धरला.

"मला नको. मी चातुर्मास पाळतो."

आईला मरताना शब्द दिला होता म्हणे. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस जे पिकवण्यासाठी धडपडत होता ते पिकलं असतं तरी त्याला खायचं नव्हतंच.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"पानचट हाय," गुणाबाई म्हणाली. "पर वांगंच हाय."

सरांनी वरणभात कालवला आणि खूप समाधानानं जेवले.

त्यानंतर अण्णा चार वर्षं होते. ती चार वर्षं त्यांचं आणि सरांचं एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर शपथ. खत किती, छत्री कोणत्या कोनात, रोप कधी बदलायचं, सगळ्यावर वाद. अण्णांचा आवाज मला शाळेच्या पार पुढच्या वर्गापर्यंत ऐकू यायचा. भूगोल शिकवता शिकवता मी मधेच थांबून ऐकत असे. मुलांना वाटे, बाई काहीतरी आठवताहेत.

अण्णा गेले ते थंडीत, झोपेतच. सर आले, भिंतीशी बसले. सांत्वनाचं बोलणं त्यांना जमत नसे. शेवटी म्हणाले, "बाई, मला आयुष्यात इतकं कुणी रागावलेलं नाही." आणि खिशातून रुमाल काढला.

पुढं सर निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी प्रत्येक छत्री ज्याची त्याच्या घरी नेऊन दिली. गावी भाऊ-भावजयींकडे राहायला गेले आणि दोन वर्षं काही कळलं नाही. मग एक पोस्टकार्ड आलं. ख्यालीखुशालीच्या दोन ओळी, आणि खाली: वडीच्या आळवाच्या, काळ्या देठाच्या, दहा-बारा आळकुड्या मिळाल्यास पाठवाव्यात.

माणदेशात आळू. दुष्काळ नुकताच सरत होता, तिकडे विहिरींचे तळ दिसत होते. मी पोस्टानं पाठवण्याऐवजी ओल्या पोत्यात ते कंद बांधले आणि सुट्टीत स्वतःच एसटीनं गेले. दहिवडीच्या पुढे एका फाट्यावर उतरले. रखरखीत माळ, बाभळींखेरीज हिरवं काही नाही. सर घ्यायला आले होते, आणखी वाळले होते. त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि वाटेत एकदाच बोलले. प्रवासात कुणी त्यावर बसलं तर नव्हतं ना, हे त्यांनी विचारलं.

घरी त्यांच्या थोरल्या भावजयीनं मला बाजूला घेऊन गाऱ्हाणं सांगितलं. "बाई, तुमी शिकलेल्या हाय, तुमीच समजवा. हितं प्यायला पानी कोसावरनं आनतो आमी. आन भावजी वाफ्यात बसून आंगुळ करत्यात. तांब्याभर पानी, त्यातच अंग धुवायचं, त्यातच आळू. सगळं गाव हसतंय." मी परसात जाऊन पाहिलं. भिंतीच्या सावलीत घोंगडीएवढा वाफा होता. कुणी वाईकडून आणून दिलेल्या दोन आळकुड्या त्यात आधीच लावलेल्या होत्या. त्यांना मिळून पाच पानं होती. त्यातली तीन तळहातापेक्षा मोठी नव्हती. घरच्या पाण्यातला एक थेंब त्यांनी जास्तीचा घेतलेला नव्हता. वाट्याला येणाऱ्या आंघोळीच्या पाण्यावर ती पाच पानं उभी होती.

मी आणलेल्या आळकुड्या त्यांनी त्याच संध्याकाळी लावल्या. दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. सकाळी सर परसात गेले ते पाचही पानं कापून घेऊन आले आणि भावजयीच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "बाई लांबून आल्यात. वड्या करा." घरात आंबोशी होती ती तिनं भिजवली. शेजारून बेसन आणलं. वड्या झाल्या त्या एका ताटलीभर. घरात माणसं नऊ. लहानांना एकेक, मोठ्यांना एकेक आणि मला दोन.

भाऊ, भावजय, मुलं, सगळे सरांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी आपली वडी तोडून निम्मी तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"आंबट कमी पडलं," ते म्हणाले. "घशाला खाजतंय."

मग उरलेली निम्मी खाल्ली आणि ताटलीत आणखी आहेत का ते बघितलं. भावजयीनं आपल्या पानातली वडी उचलून त्यांच्या पानात ठेवली.